जुन्या कागदांतील साल कसें वाचावें?



रोमन आंकडे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. घड्याळाच्या तबकडीवर ते दिसतात, जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या पहिल्या पानावर छपाईचें साल पुष्कळदां त्यांतच दिलेलें असतें, आणि शाळेंत असतांना प्रत्येकानें ते एकदां तरी घोकलेले असतात. अक्षरें सातच. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पांच, एक्स म्हणजे दहा, एल म्हणजे पन्नास, सी म्हणजे शंभर, डी म्हणजे पांचशें आणि एम म्हणजे हजार. मोठें अक्षर आधीं व लहान नंतर आलें तर बेरीज करावयाची. लहान अक्षर मोठ्याच्या आधीं आलें तर तें वजा करावयाचें. एम, डी, सी, एल, एक्स असें लिहिलें असेल तर १००० अधिक ५०० अधिक १०० अधिक ५० अधिक १०, म्हणजे १६६०. आय-एक्स म्हणजे मात्र अकरा नव्हे, नऊ. एवढें ध्यानांत असलें म्हणजे कोणतेंहि रोमन साल उलगडतें.

परंतु आपल्या स्वतःच्या घरांत, आजोबा-पणजोबांच्या पेटींत, एखादा पिवळा पडलेला मोडी कागद निघाला आणि त्याच्या माथ्यावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द दिसले, तर आपल्यांतील किती जणांना तें साल सांगतां येईल? रोमन आंकडे परक्या देशाचे असून ते आपण शिकतों. हे शब्द जवळ जवळ पांच शतकें या महाराष्ट्रांत सरकारी कागदावर वावरले, आणि ते आपल्याला अनोळखी झाले आहेत. आज या शब्दांचे आंकडे कसे करावयाचे व त्यांवरून इसवी सन कसा काढावयाचा, हें सांगण्याचा माझा विचार आहे. जवळ कागद-पेन्सिल असल्यास घ्यावी. हें गणित ऐकण्यापेक्षां करून पाहिल्यानें लवकर समजतें.

या सनाला सुहूर सन म्हणतात. ‘शुहूर’ असेंहि लिहितात. कागदांत नुसतें ‘सु॥’ असें संक्षिप्त रूपहि आढळतें. त्याची जन्मकथा गणितानेंच सांपडते. पेशवाईंतील कोणताहि एक निश्चित दिवस घ्या. पानिपतचें युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. त्या दिवशीं हिजरी सन ११७४ चालू होता व सुहूर सन ११६१. दोहोंत तेरांचा फरक. हिजरी वर्ष चांद्र आहे; तें सौर वर्षापेक्षां सुमारें अकरा दिवसांनीं लहान. म्हणून दर तेहेतीस वर्षांच्या सुमारास हिजरी सन एका वर्षानें पुढें जातो. तेरा वर्षांचा फरक पडण्यास चारशें वर्षांहून कांहीं अधिक काळ लागला असला पाहिजे. तितकें मागें गेलें असतां दोन्ही सन हिजरी ७४५ या वर्षीं, म्हणजे इसवी १३४४ मध्यें, एकत्र येतात. त्या वेळीं दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक होता व दौलताबादेस त्याचा अंमल होता. म्हणजे हिजरी सनाचाच आंकडा घेऊन त्या वर्षापासून त्यास सौर वर्षाच्या चाकोरींत बसविलें, हाच सुहूर सन.

असें कां करावें लागलें, याचें उत्तर शेतकऱ्याजवळ आहे. चांद्र वर्ष ऋतूंच्या मागें-पुढें सरकत राहतें. सारा वसूल करावयाचा तर पीक हातीं आल्यावर, आणि पीक सूर्याच्या गतीवर अवलंबून. म्हणून या वर्षाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रांत जातो त्या दिवशीं धरला. या सनाला मृगसाल असें जें दुसरें नांव आहे तें त्यामुळेंच. हल्लीं मृग ७ जूनच्या सुमारास लागतें. तीनशें वर्षांमागें, आजच्याच इंग्रजी गणनेनें पाहिलें तर, तें दोन-चार दिवस आधीं लागत असे. पाऊस पडावा, तिफण निघावी, आणि त्याच दिवशीं दफ्तरांत नवें वर्ष लागावें, ही सोय उघड होती. बहामनी राज्यानंतरच्या शाह्या गेल्या, मराठी राज्य आलें, पण ही सोय कोणी मोडली नाहीं.

आतां शब्द घेऊं. ते अरबी आहेत, पण मराठी कारकुनांच्या लेखणींतून उतरतांना त्यांचीं रूपें मराठमोळीं झालीं. एकं असे: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पांच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दहं असे: अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. पुढें मया म्हणजे शंभर, मयातैन म्हणजे दोनशें आणि अलफ म्हणजे हजार. शेवटचा ‘व’ हा आपला ‘आणि’. मराठ्यांच्या सगळ्या इतिहासाचीं सालें एवढ्या एकवीस-बावीस शब्दांत मावतात. रोमन अक्षरें सात आहेत, हें खरें; पण तेथें वजाबाकीचा खटाटोप आहे. येथें केवळ बेरीज.

क्रम मात्र लक्षांत ठेवावा. रोमन पद्धतींत मोठी संख्या आधीं येते. येथें लहान आधीं, मोठी शेवटीं. हें आपल्याला परकें वाटण्याचें कारण नाहीं. मराठींत आपण ‘एकसष्ट’ म्हणतों, तेव्हां एक आधीं उच्चारतों व साठ मागून. ‘इहिदे सितैन’ म्हणजे शब्दशः एकसष्टच. फरक एवढाच, कीं आपण शेंकडा व हजार पुढें काढतों, आणि अरबी पद्धत तोच क्रम शेवटपर्यंत चालविते: एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणून ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, एकूण ११६१.

सुहूर सन मिळाला. आतां इसवी सन. सुहूर वर्ष जूनच्या आरंभीं लागतें, म्हणून एका सुहूर वर्षांत दोन इसवी वर्षांचे तुकडे येतात. मृगापासून डिसेंबर-अखेरपर्यंतची तारीख असेल तर सुहूर सनांत ५९९ मिळवावे. जानेवारीपासून मृगापर्यंतची असेल तर ६०० मिळवावे. पानिपतचा दिवस जानेवारींतला. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. बरोबर आलें. शालिवाहन शक हवा असल्यास मृगापासून फाल्गुन-अखेरपर्यंत ५२१ मिळवावे, व चैत्र-पाडव्यापासून मृगापर्यंत ५२२. पानिपत पौष महिन्यांत झालें. ११६१ अधिक ५२१ म्हणजे शके १६८२. हेंहि बरोबर. फसली सन म्हणून आणखी एक वसुली साल दक्षिणेंत चाले. तें सुहूर सनाहून नऊनें मोठें असतें, म्हणून या वर्षीं तें ११७० होतें.

कागदावर दिवस कोणता हें बहुधा ‘छ’ या अक्षरानें सुरू होतें: छ अमुक, महिना मोहरम, सफर, रबिलावल वगैरे. हे महिने हिजरी आहेत, म्हणजे चांद्र. महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचें, असा हा संसार आहे. त्यामुळें मोहरम महिना सुहूर वर्षांत आरंभीं येईल, मध्यें येईल किंवा शेवटींहि येईल. तो जूनच्या अलीकडे पडतो कीं पलीकडे, हें जंत्री पाहूनच ठरवावें; अंदाजानें ५९९ किंवा ६०० मिळविणें धोक्याचें.

येथवरचा भाग पाठांतराचा झाला. आतां या शब्दांत जोखीम कोठें आहे तें पाहूं, आणि त्यासाठीं फार लांब जावयास नको; चिंचवड आणि चाकण एवढीं दोन गांवें पुरेत.

चिंचवड येथें पवनेच्या कांठीं श्रीमोरया गोसावी यांच्या समाधीचें मंदिर आहे. तेथील मराठी शिलालेखांत काम आरंभिल्याची मिति कार्तिक शुद्ध १२, शके १५८०, विलंबी नाम संवत्सर अशी दिली आहे, आणि तें पुरें झाल्याची मिति विकारी नाम संवत्सर, आषाढ शुद्ध ४, सोमवार. शके १५८० चा कार्तिक म्हणजे इसवी १६५८. हें मंदिर बांधूं लागले त्या दिवशीं एखाद्या कारकुनास सुहूर सन घालावयाचा असता, तर त्यानें १०५९ घातला असता: ‘तिसा खमसैन व अलफ’. पुढच्या आषाढांत काम पुरें झालें, तोंवर मृग येऊन गेलें होतें. तेव्हां सन ‘सितैन व अलफ’, १०६०. आणि त्यानंतर पुरतें वर्ष होतें न होतें तोंच, १६६० च्या जूनमध्यें, शाएस्तेखानानें चिंचवडपासून कांहीं कोसांवर असलेल्या चाकणच्या किल्ल्यास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यानें भर पावसाळ्यांत दोन महिन्यांच्या जवळपास किल्ला झुंजविला, सुरुंगानें बुरूज उडाला, आणि ऑगस्टच्या मध्यास किल्ला पडला. हा काळ सुहूर सन १०६१ चा. शब्दांत लिहिला तर ‘इहिदे सितैन व अलफ’.

आतां हे दोन सन एकामागून एक ऐका. चाकणचा वेढा: इहिदे सितैन व अलफ. पानिपत: इहिदे सितैन मया व अलफ. दोहोंत एका शब्दाचा फरक आहे, ‘मया’. तो दोन अक्षरी शब्द कागदाच्या घडींत फाटून गेला, कसरीनें खाल्ला, किंवा नक्कल करणाऱ्याच्या नजरेंतून सुटला, कीं शंभर वर्षें नाहींशीं होतात. फिरंगोजी नरसाळा आणि सदाशिवरावभाऊ एका वर्षांत येऊन बसतात. रोमन सालांतून एक सी गळला तर असाच अनर्थ होतो. त्यांतून पुष्कळ जुन्या कागदांत शेंकडा व हजार मुळींच लिहीत नसत; आपण आज जसें ‘सत्तेचाळीस सालीं’ म्हणतों आणि एकोणीसशें गृहीत धरतों, तसेंच तें. लिहिणाऱ्याच्या काळीं त्यांत संशय नव्हता. तीनशें वर्षांनीं वाचणाऱ्यास मात्र शतक कोठून आणावें हा प्रश्न पडतो.

दुसरी जोखीम अक्षरांची. सितैन म्हणजे साठ व तिसैन म्हणजे नव्वद. अक्षरें तींच, जागा तेवढ्या बदललेल्या. मोडी लिपींत हात न उचलतां धांवतें लिहीत. तेथें सि आणि ति यांची अदलाबदल वाचतांना झाली तर तीस वर्षांची चूक होते. तिसरी जोखीम सारख्या शब्दांची: सबा सात आणि सबैन सत्तर, समान आठ आणि समानीन ऐंशी. ‘समान समानीन’ असें अठ्ठ्याऐंशी लिहिलेलें असतां, एकच शब्द चुकून दोनदां पडला असें समजून नकलकारानें एक गाळला, कीं ऐंशी तरी उरतात किंवा नुसते आठ तरी.

मग या चुका धरावयाच्या कशा? येथें आपले जुने लोक आपल्यापेक्षां सावध होते असें म्हणावें लागतें. महत्त्वाच्या कागदावर ते एकच काळ दोन-तीन मापांनीं देत. शकाबरोबर संवत्सराचें नांव देत, आणि तिथीबरोबर वार. संवत्सरें साठ आहेत व तीं प्रभवापासून क्षयापर्यंत ओळीनें फिरतात. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नीं भागावें; बाकी राहील तो संवत्सराचा अनुक्रम. चिंचवडचाच लेख तपासून पाहा. १५८० अधिक १२ म्हणजे १५९२; ६० नीं भागलें असतां बाकी ३२; बत्तिसावा संवत्सर विलंबी. तेहेतिसावा विकारी, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा शक लेखांत नसला तरी तो १५८१ होता हें सिद्ध झालें. दगडावरचा शक झिजून १५८० चा १५३० वाचला गेला असता, तरी विलंबी या नांवानें ती चूक लगेच दाखविली असती.

हीच कसोटी चाकण व पानिपत यांना लावूं. १०६१ अधिक ५२१ म्हणजे शके १५८२. त्यांत १२ मिळवून ६० नीं भागलें कीं बाकी ३४, शार्वरी संवत्सर. पानिपतचा शक १६८२. बाकी १४, विक्रम संवत्सर. म्हणजे ‘मया’ हरवला तरी संवत्सराचें नांव कागदावर शिल्लक असेल तर हरवलेलीं शंभर वर्षें परत मिळतात. शंभरांची चूक साठांच्या चक्रांत लपत नाहीं. तीसांचीहि लपत नाहीं. लपते ती फक्त नेमकी साठांची. आणि अशी चूक अशक्य नाहीं: अशरीन वीस व समानीन ऐंशी, किंवा सलासीन तीस व तिसैन नव्वद, यांत अंतर बरोबर साठ वर्षांचेंच आहे. त्या ठिकाणीं वाराची साक्ष घ्यावी. तिथि आणि वार हीं दोन्ही एखाद्या शकांत जुळलीं, आणि साठ वर्षें अलीकडे-पलीकडे जुळलीं नाहींत, तर शंका बरीचशी मिटते. तेंहि नसेल तर कागदांत आलेलीं माणसें पाहावीं. ज्या पेशव्याची आज्ञा आहे तो त्या सालीं गादीवर होता काय, एवढा एक प्रश्न पुष्कळदां निकाल देतो.

कोणी विचारील, कीं एवढी कातडीबचाऊ गणितें करून मिळवावयाचें काय? इतिहासकाराला युद्धाची तारीख हवी असेल. आम्हांस काय त्याचें? त्याचें उत्तर असें, कीं या कागदांपैकीं फारच थोडे युद्धांविषयीं आहेत. बहुतेक कागद जमिनीचे, वतनाचे, इनामाचे, पाण्याच्या पाळीचे व सीमेच्या भांडणाचे आहेत. इसवी १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनच्या हातीं चौकशीचे अधिकार आले, तेव्हां दक्षिणेंतील इनामदारांना आपले कागद पुढें ठेवून हक्क सिद्ध करावा लागला. देणगी कोणी दिली व उपभोग किती जुना, हे दोन मुद्दे महत्त्वाचे. आणि दोहोंचें उत्तर सनदेच्या माथ्यावरील त्या चार अरबी शब्दांत होतें. शंभर वर्षें इकडे कीं तिकडे, यावर घरची भाकरी अवलंबून होती.

चिंचवडच्या देवांचें घराणें याच कागदांमुळें अभ्यासकांना परिचित झालें आहे. मोरया गोसाव्यांच्या या वंशाचा व राज्यसत्तेचा इनामांच्या निमित्तानें कसा संबंध आला, यावर लॉरेन्स प्रेस्टन यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्यें केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत असे मोडी रुमाल ढिगांनीं आहेत. गो. स. सरदेसाई यांनीं त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत छापले, तरी तो सागरांतील तांब्याच म्हणावा लागेल. आणि दफ्तरांत गेले ते कागद सुखरूप आहेत. जे घरोघरीं राहिले त्यांची काळजी आहे.

ही काळजी पिंपरी, चिंचवड आणि चाकण या टापूंत तर विशेष आहे. १९५४ मध्यें पिंपरीस पेनिसिलीनच्या कारखान्याची स्थापना झाली, पुढें औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्यें नगरपालिका व १९८२ मध्यें महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. जेथें ज्वारी-बाजरी होत होती तेथें रस्ते व इमारती झाल्या. शेत गेलें, वाडा पाडला, सदनिका घेतली. या उलाढालींत माळ्यावरची पेटी कोणाकडे गेली हें पुष्कळ घरांत कोणास सांगतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, त्यामुळें पेटी हातीं असली तरी वाचणारा घरांत नाहीं. इसवी २०२३ मध्यें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें समिति नेमली, त्या वेळीं मोडी जाणणारांची मागणी एकाएकीं वाढली, आणि असे लोक किती थोडे उरले आहेत तें सर्वांच्या ध्यानीं आलें.

सगळ्यांनीं मोडी शिकावी असा आग्रह मी धरणार नाहीं. तरी शिकणाऱ्यास ती कांहीं महिन्यांत येते. परंतु सालाचे शब्द तरी ओळखावे. पेटी उघडली तर कागद बळें उलगडूं नये, त्यास चिकटपट्टी लावूं नये, आणि घडीवर जे शब्द अर्धवट दिसतात ते दिसतात तसेच उतरून ठेवावे. आपल्या मनानें पुरे करूं नयेत. जो शब्द आज निरर्थक वाटतो तो उद्यां शंभर वर्षांचा हिशेब देईल.

शेवटीं तीन सन घरीं सोडविण्यासाठीं देतों. पहिला, ‘मया व अलफ’, महिना मार्च: या महिन्यांत सिंहगडावर राजाराम महाराजांनीं देह ठेवला. दुसरा, ‘समान अशर मयातैन व अलफ’, महिना नोव्हेंबर: पिंपरीच्या शेजारीं खडकीच्या माळावर पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली तें वर्ष. तिसरा, ‘सीत अर्बैन व अलफ’, महिना जानेवारी: रांझ्याच्या पाटलास शिवाजी महाराजांनीं शासन केलें त्या आज्ञापत्राचा काळ. बेरीज नीट झाली तर उत्तरें अनुक्रमें १७००, १८१७ व १६४६ अशीं येतील. तीं आलीं म्हणजे घरच्या पेटींतील कागदास हात घालण्यास हरकत नाहीं.